रोटरी इंजिन तेल का खातं, आणि खाल्लं नाही तर काळजी का करायची

भाच्याने शारजाहून फोन केला तेव्हा आमच्याकडे इंदूरच्या रामबागेत पोह्यांना फोडणी पडत होती. "मामा, मी फसलो वाटतं," एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. तिथे त्याने रोटरी इंजिनाची जुनी माझदा आरएक्स-8 घेतली होती. कॉलेजात असल्यापासून त्या गाडीचं चित्र त्याच्या भिंतीवर होतं. महिन्याभरात चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातलं, इंजिन ऑइल अर्ध्या लिटरने खाली गेलं. कुठे गळती नाही, पार्किंगमध्ये डाग नाही, निळा धूर नाही. तिथल्या एका मेकॅनिकने बघून सांगितलं की रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल.

पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनांचे सुटे भाग तपासण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ज्या इंजिनात पिस्टनच नाही, त्याच्या पिस्टन-रिंगा जातीलच कशा? आणि दुसरी, हे अर्धा लिटर किती किलोमीटरला गेलं ते आधी बघ. त्याने हिशेब करून सांगितलं, अकराशे किलोमीटर. म्हटलं, गाडी ठीक आहे. तेल अजिबात कमी झालं नसतं तर मीच तुला गॅरेजला पाठवलं असतं.

त्याला ही थट्टा वाटली. थट्टा नव्हती. हे इंजिन पुन्हा चर्चेत आल्यापासून हाच प्रश्न मला इंदूरमध्येही दोन-तीन जणांनी विचारला. 2012 मध्ये आरएक्स-8 बंद झाली तेव्हा रोटरी इंजिन संपलं असंच सगळ्यांना वाटलं होतं. जानेवारी 2023 मध्ये ब्रसेल्सच्या मोटर शोमध्ये माझदाने ते एमएक्स-30 या गाडीत परत आणलं, तेही चाकं फिरवण्यासाठी नव्हे, तर वीज तयार करण्यासाठी. तेव्हापासून व्हिडिओ फिरू लागले आणि त्यांच्यासोबत "हे इंजिन तेल पितं" हा शेराही फिरू लागला. शेरा खरा आहे. फक्त तो दोष म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच घोळ होतो.

## शेंगेच्या टरफलात फिरणारा समोसा

नेहमीच्या इंजिनात पिस्टन पिचकारीच्या दट्ट्यासारखा वर-खाली होतो. रोटरी इंजिनात दट्ट्या नाही. दोन दाण्यांची भुईमुगाची जाड शेंग डोळ्यांसमोर आणा, कमरेत किंचित दबलेली. इंजिनाच्या घराचा आतला आकार साधारण तसा. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, वरून बघितलेल्या समोशासारखा. त्याला रोटर म्हणतात. फिरताना त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत चिकटून असतात, त्यामुळे त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरला की प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, परत मोठा होतो. हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं हे सगळं याच फिरण्यात होऊन जातं. वर-खाली हिसका नाही, व्हॉल्व्ह नाहीत. म्हणून ते इतकं गुळगुळीत चालतं.

रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या दांड्याचे तीन फेरे होतात. भाच्याच्या गाडीत फेरे दाखवणारा काटा 9,000 वर जातो, तेव्हा आतला रोटर मिनिटाला 3,000 वेळा फिरत असतो. असे दोन रोटर, प्रत्येकी 654 सीसीचे. एवढ्या छोट्या इंजिनातून एवढी ताकद कशी निघते याचं उत्तर इथेच आहे.

कल्पना जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांची. एनएसयू कंपनीत 1957 मध्ये पहिलं इंजिन चाललं. 1967 मध्ये एनएसयूची आरओ-80 आणि माझदाची कॉस्मो स्पोर्ट अशा दोन गाड्या बाजारात आल्या. दोघींना एकाच दुखण्याने गाठलं होतं, आणि आपला तेलाचा प्रश्न थेट त्या दुखण्याशी जोडलेला आहे.

## दुखणं टोकांचं

रोटरच्या प्रत्येक टोकाला एक बारीक धातूची पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात जाऊ न देणं हे तिचं काम. आरएक्स-8 मध्ये ती फक्त 2 मिलिमीटर जाडीची आहे. ही पट्टी भिंतीला घासत पळते, थांबत नाही, परत फिरत नाही. पिस्टनच्या रिंगेला निदान वर आणि खाली क्षणभर थांबा असतो.

माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरत आणि भिंतीच्या आतल्या बाजूला ओरखड्यांच्या रांगाच्या रांगा उठत. तिथल्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 अभियंत्यांचा गट यावर बसला आणि शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम भरलेली पट्टी करून त्यांनी ते थांबवलं. एनएसयूला हे जमायला उशीर झाला. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी थकली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या ताब्यातल्या ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. एका पातळ पट्टीने एक कंपनी बुडवायला हातभार लावला. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं, कारण आरओ-80 ही फार पुढचा विचार करून बनवलेली गाडी होती.

पट्टी टिकवायची तर तिच्याखाली तेलाचा पातळ थर हवा. नेहमीच्या इंजिनात हे आपोआप होतं. पिस्टनच्या वर आग असते आणि खाली तेलाची जागा. खालून उडालेलं तेल भिंतीला लागतं, ऑइल रिंग ते खरवडून परत खाली ढकलते. तेल वापरलं जातं आणि चेंबरमध्ये परत येतं.

रोटरीत "खाली" असं काही नाहीच. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना आग आहे. तेल आहे ते रोटरच्या पोटात, बेअरिंगपाशी, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून बाजूंना वेगळ्या रिंगा बसवलेल्या असतात. म्हणजे ज्या भिंतीवर पट्टी घासते, तिथे तेल पोहोचायला आतून वाटच नाही. मग ते बाहेरून पाजावं लागतं. यासाठी एक छोटा पंप असतो, मीटरिंग ऑइल पंप. तो चेंबरमधलंच तेल उचलतो आणि बारीक नळ्यांतून, थेंब मोजून, आत सोडतो. ते तेल पट्टीला ओलावा देतं आणि मग पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरवाटे निघून जातं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात पटकन नजरेत येत नाही. पिस्टनच्या इंजिनात ज्या जागी आग लागते, त्याच जागी पुढच्या फेऱ्यात थंड हवा येते. रोटरीत आग नेहमी शेंगेच्या एकाच बाजूला आणि थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूला. गरम बाजू कायम गरम. तिथला तेलाचा थर दर फेऱ्याला जळणार आणि दर फेऱ्याला नवा द्यावा लागणार.

## समई बघा

आमच्या आईची देवघरातली समई बघण्याची एक पद्धत होती. संध्याकाळी तेल घातलं आणि रात्री तेवढंच दिसलं, तर ती आधी वात बघायची. तेल उतरलं नाही याचा अर्थ तेल वाचलं असा नाही, वात जळत नाहीये असा.

रोटरी इंजिनाला हेच लागू पडतं. डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरची, पातळी दोन हजार किलोमीटरनंतरही जागची हलली नसेल, तर काय काय झालेलं असू शकतं? मीटरिंग पंप बंद पडला असेल. त्याच्या बारीक नळ्या तुंबल्या किंवा तडकल्या असतील. जुन्या आरएक्स-7 मध्ये या प्लॅस्टिकच्या नळ्या वयोमानाने ठिसूळ होतात आणि इंजिनाजवळ काम करताना हात लागूनही तुटतात. किंवा आधीच्या मालकाने पंपच काढून टाकला असेल आणि तो पेट्रोलमध्ये तेल मिसळत असेल, पण विकताना हे सांगायला विसरला असेल. अशी गाडी नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पट्ट्या कोरड्या घासत राहतात, आणि त्याचा आवाज येत नाही. कळतं तेव्हा इंजिनाचा दाब गेलेला असतो.

एक शक्यता अजून फसवी आहे. तेल जळतंय, पण पातळी उतरत नाही, कारण वरून पेट्रोल झिरपून चेंबरमध्ये मिसळतंय. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे होतं. म्हणून डिपस्टिक बाहेर काढली की नुसती बघू नका, वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ती पातळी खोटी आहे आणि तेल बदलायची वेळ झालेली आहे.

## किती खाल्लं म्हणजे ठीक?

आरएक्स-8 वापरणाऱ्यांच्या अनुभवात साधारण दीड ते अडीच हजार किलोमीटरला एक लिटर हे नेहमीचं आहे. पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. पंप किती तेल सोडणार हे इंजिनाचा वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय ठरवतो. राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर रांगणारी गाडी तासाला थोडं तेल घेते, पण त्या तासात अंतरही फारसं कापत नाही. तीच गाडी पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर पूर्ण वेगाने पळवली, तर पंप पूर्ण क्षमतेने तेल देईल आणि द्यायलाच हवं. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच गाडीची मागच्या तीन महिन्यांशी तुलना करा.

ज्यांनी बजाजची टू-स्ट्रोक स्कूटर वापरली आहे त्यांना हा हिशेब पटकन कळेल. पलासियाच्या पंपावर वडील पेट्रोलबरोबर 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, मागायचे, लिटरला 20 मिली, म्हणजे दोन टक्के. आता भाच्याची गाडी घ्या. 1,100 किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे 2,200 ला एक लिटर. लिटरला आठ किलोमीटर ॲव्हरेज धरलं तर 275 लिटर पेट्रोलमागे एक लिटर तेल. लिटरमागे साडेतीन-पावणेचार मिली. आपल्या स्कूटरच्या पाचवा हिस्साही नाही, आणि तीही रोज तेल जाळत होती. तिला कोणी "इंजिन गेलं" म्हटलं नाही, कारण ते तेल आपण हाताने घालत होतो. इथे ते गाडी स्वतः चेंबरमधून उचलते, आणि आपल्याला चोरी झाल्यासारखं वाटतं.

काळजी कधी करायची? वापर तोच असताना खप अचानक दुप्पट झाला तर. सकाळी गाडी चालू करताना निळ्या धुराचा लोट आला आणि थोड्या वेळाने थांबला, तर रोटरच्या बाजूच्या त्या ऑइलच्या रिंगा थकल्याची शक्यता असते. धूर सतत असेल तर नक्कीच दाखवा. पंपाने मोजून दिलेलं तेल इतकं थोडं असतं की चांगल्या इंजिनात त्याचा धूर डोळ्यांना दिसत नाही.

## डिपस्टिक बघायची रीत

सपाट जागा हवी. गाडी गरम झालेली असावी. बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. नळीच्या भिंतीला लागून तेल डिपस्टिकवर वरपर्यंत माखतं आणि फसवतं, म्हणून दोन्ही बाजू बघा आणि कमी दाखवणारी बाजू खरी धरा. हे दर दुसऱ्या टाकीला तरी करायचं. दिवा लागण्याची वाट बघू नका.

यावर मी इतका अडून बसतो, त्याला कारण आहे. या इंजिनात तेलावर तीन कामं आहेत: बेअरिंग चालवणं, पट्ट्यांसाठी स्वतः जळणं, आणि रोटर थंड ठेवणं. तिसरं काम लोकांना माहीत नसतं. रोटरच्या पोटात पाणी पोहोचू शकत नाही, त्यामुळे तिथली उष्णता तेलच बाहेर काढतं. म्हणून या गाड्यांना पुढे तेलाचा वेगळा रेडिएटर असतो. पातळी खाली गेली की एकाच वेळी तिन्ही कामांवर ताण येतो, आणि जोरात वळण घेताना तेल एका बाजूला सरकून पंपाने हवा ओढली तर बेअरिंगला क्षणात फटका बसतो.

थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. जास्त झालेलं तेल हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जातं आणि धूर होतो, मग परत तीच भीती.

पावसाळ्यात झाकण उघडल्यावर आत लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर लगेच "पाणी शिरलं" म्हणून घाबरू नका. आरएक्स-8 मध्ये तेल घालायची नळी लांब आणि थंड राहणारी आहे, तिथे वाफ साचते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर लांबचा एक फेरफटका मारा. थर जातो.

आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, किती मिली घातलं. मोबाइलवर ठेवली तरी चालेल.

## "जळणारच आहे तर स्वस्तातलं टाकू"

हा प्रश्न भाच्यानेही विचारला आणि तो स्वाभाविक आहे. पण जे तेल जळतं तेच तेल बेअरिंगला जातं. चेंबर एकच. त्यामुळे दर्जा कमी करता येत नाही. "रोज भर घालतोय, मग ऑइल बदलायची गरज काय" हेही चुकीचं, कारण भर घातल्याने जुन्यातली काजळी आणि पेट्रोल जात नाही, फक्त पातळ होतं. बरेच जण साधारण 5,000 किलोमीटरला बदलतात, आणि मला ते योग्य वाटतं. पंप आत सोडतो ते याच चेंबरमधलं असतं. मळकं तेल तुम्ही थेट आगीत घालणार, त्याची राख पट्ट्यांच्या खाचांत बसणार.

सिंथेटिक की साधं, यावर वर्षानुवर्षं वाद आहे. जुनी सिंथेटिक तेलं नीट जळत नाहीत आणि चिकटा सोडतात अशी भीती होती. आजची तेलं बरीच सुधारली आहेत आणि अनेक मालक ती वापरतात. माझं मत विचाराल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेड पाळा, आणि ठरलेल्या वेळी बदला. ब्रँडवरून भांडण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

## पेट्रोलमध्येच 2टी घातलं तर?

हौशी लोक घालतात. तर्क सरळ आहे: इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेलं नाही, 2टी त्यासाठीच बनवलेलं आहे, ते स्वच्छ जळतं. काही जण पंप चालू ठेवून वर थोडं 2टी घालतात. काही जण वेगळी छोटी टाकी बसवून पंपालाच 2टी देतात. चेंबरमधलं तेल मग जळतच नाही. यामाहा आरएक्स-100 ला तेलाची वेगळी टाकी असायची, तीच ही कल्पना.

थोडं 2टी घालण्याला माझा विरोध नाही. पण पंप काढून पूर्ण भिस्त मिसळण्यावर ठेवू नये. माणूस विसरतो. लांबच्या प्रवासात, रात्री अकरा वाजता, पावसात पेट्रोल भरताना नक्की विसरतो. पंप विसरत नाही.

## इतका खटाटोप करून हे इंजिन हवं कशाला?

आक्षेप खरा आहे. तेल जाळणारं इंजिन प्रदूषणाच्या नियमांत बसवणं अवघड. युरो-5 नियम आले तेव्हा 2010 मध्ये आरएक्स-8 ची युरोपातली विक्री थांबली. ॲव्हरेजही कमी.

तरी ते टिकून आहे, कारण छोट्या, हलक्या, न थरथरणाऱ्या इंजिनाची जिथे गरज आहे तिथे त्याला तोड मिळत नाही. 1991 मध्ये ल मांची 24 तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या 787बी ने जिंकली. आपल्याकडे लष्कराच्या निशांत या मानवरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार झालं आणि 2009 मध्ये ते उडालं. त्या कामात अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई ही लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही होती. अशा इंजिनाला मराठी मुलखाचाही हात लागला हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

नव्या एमएक्स-30 मध्ये एकच रोटर आहे, 830 सीसीचा. तो चाकांना जोडलेला नाही, फक्त जनित्र फिरवतो, त्यामुळे रांगणं, हिसके, अचानक वेग हे त्याच्या नशिबी नाही. एपेक्स सीलची जाडी 2 वरून 2.5 मिलिमीटर केली आहे आणि भिंतीवरचा लेपही नवा आहे. पन्नास वर्षं ज्या पट्टीने त्रास दिला, तिच्यावरच पुन्हा काम केलंय हे बघून मला बरं वाटलं.

भाच्याने इंजिन उतरवलं नाही. त्याने वही सुरू केली. परवा फोटो पाठवला: 950 किलोमीटर, 400 मिली. खाली लिहिलं होतं, "मामा, पेट्रोलचा वास नाही." डिकीत आता त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा असतो.